बिझनेस स्कूलमधील प्रवेश : आपली शक्यता किती, हे कसे ओळखावे?

चंडीगड : कॅट परीक्षेचा निकाल जाहीर झाला की येथील सेक्टर ३४ मधील शिकवणी वर्गांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. इतके पर्सेंटाइल मिळाले आहेत, दहावीला इतके गुण होते, दोन वर्षे नोकरी झाली आहे. तर प्रवेश मिळेल का? उत्तर देणारे बहुधा 'मिळेल', 'अवघड आहे' किंवा 'पुढच्या वर्षी पुन्हा बसा' यांपैकी एक उत्तर देतात. प्रत्यक्षात या तिन्ही उत्तरांवर मोठे निर्णय अवलंबून असतात. कोणी नोकरीचा राजीनामा देतो, कोणी वर्षभर घरी बसून तयारी करतो, तर कोणाचे पालक कर्जासाठी घर तारण ठेवण्याचा विचार करू लागतात. म्हणून ही शक्यता अंदाजपंचे न ठरवता शक्य तितक्या काटेकोरपणे मोजणे आवश्यक ठरते.

प्रवेशाची शक्यता नावाचा एकच एक आकडा अस्तित्वात नसतो, ही यातील मूळ गोष्ट आहे. ती शक्यता विशिष्ट संस्थेची, विशिष्ट वर्षाची आणि त्या संस्थेतील विशिष्ट प्रकारच्या जागेची असते. एकाच उमेदवाराला एका संस्थेत चांगली आणि तासाभराच्या अंतरावरील दुसऱ्या संस्थेत जवळजवळ शून्य शक्यता असू शकते. चंडीगड शहर आणि त्याला लागून असलेले मोहाली हे याचे उत्तम उदाहरण होय.

एकाच परिसरात दोन मोजपट्ट्या

सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठाचे आवार आहे. १८८२ साली लाहोर येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाची परंपरा सांगणारे हे विद्यापीठ फाळणीनंतर भारतात नव्याने उभे राहिले. त्याच्या वाणिज्य विभागाचेच आजचे रूप म्हणजे युनिव्हर्सिटी बिझनेस स्कूल. उत्तर भारतातील विद्यार्थी त्याला 'यूबीएस' या नावाने ओळखतात. सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग असल्याने येथील शुल्क आयआयएमच्या तुलनेत बरेच कमी आहे. साहजिकच मोजक्या जागांसाठी मोठी स्पर्धा होते. येथील निवडीत कॅटच्या गुणांना बहुतांश भार असतो; गटचर्चा आणि मुलाखत यांच्या वाट्याला त्या मानाने थोडे गुण येतात.

दुसरीकडे मोहालीत इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे आवार आहे. या संस्थेने २००१ साली हैदराबाद येथे काम सुरू केले आणि २०१२ साली मोहालीत दुसरे आवार उघडले. तिचा एक वर्षाचा प्रमुख अभ्यासक्रम नोकरीचा अनुभव घेतलेल्यांसाठी आहे. येथे जीमॅट किंवा जीआरईचे गुण लागतात. मात्र ते एकंदर अर्जाचा केवळ एक भाग असतात. कामाचा अनुभव, निबंध, शिफारसपत्र आणि मुलाखत मिळून निर्णय होतो.

हा फरक उमेदवाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. समजा, एखाद्या संस्थेत परीक्षेला ८५ टक्के आणि मुलाखत व गटचर्चेला मिळून १५ टक्के भार आहे. परीक्षेत मागे राहिलेला उमेदवार मुलाखतीत कितीही चमकला तरी तो त्या १५ गुणांच्या चौकटीतच चमकणार. बहुतेकांना अशा चाचणीत ७ ते १२ च्या दरम्यान गुण मिळत असतील, तर प्रत्यक्षात पाच गुणांचेच अंतर भरून काढता येते. अशा संस्थेतील शक्यता कॅटचा निकाल हाती आल्यावर बऱ्याच खात्रीने सांगता येते. जेथे मुलाखतीला निम्म्याच्या आसपास भार असतो, तेथे निकालानंतरही चित्र धूसरच राहते. आयआयएम अहमदाबादच्या अलीकडच्या प्रवेशप्रक्रियांत अंतिम निवडीत मुलाखतीचा वाटा असा मोठा राहिला आहे. म्हणून संस्थेची कीर्ती, नोकऱ्यांचे आकडे आणि मानांकन पाहण्यापूर्वी तिच्या माहितीपत्रकातील गुणभाराचा तक्ता वाचला पाहिजे. अनेक विद्यार्थी तो सर्वांत शेवटी वाचतात, किंवा वाचतच नाहीत.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

कॅटमधील ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण, असा गैरसमज पालकांमध्ये आजही आढळतो. पर्सेंटाइल हे रांगेतील स्थान दाखवते. २०२४ च्या कॅटसाठी सुमारे ३ लाख २९ हजार उमेदवारांनी नोंदणी केली होती आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. या संख्येवरून हिशेब केला तर ९० पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे २९ हजार ३०० जण असतात, ९५ च्या पुढे सुमारे १४ हजार ६५० आणि ९९ च्या पुढेदेखील सुमारे २ हजार ९३० जण असतात. 'नव्याण्णव' हा शब्द ऐकताना जितका निर्धास्त वाटतो, तितका तो नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

आता हेच गणित जागांच्या बाजूने पाहावे. आयआयएम अहमदाबादच्या प्रमुख अभ्यासक्रमात सुमारे ४०० जागा आहेत. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी साडेसात, नॉन-क्रीमी लेअर इतर मागासवर्गीयांसाठी २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. उरलेल्या साडेचाळीस टक्के, म्हणजे सुमारे १६२ जागा खुल्या राहतात आणि त्यांवर गुणवत्तेनुसार कोणत्याही प्रवर्गातील उमेदवार येऊ शकतो. त्यामुळे एकूण जागा ४०० आहेत असे समजून केलेला अंदाज खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याची दिशाभूल करतो. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यानेही खुल्या यादीची पात्रता-रेषा पाहून निराश होण्याचे कारण नाही. त्याने आपल्या प्रवर्गाची रेषा पाहावी.

पात्रता-रेषेबाबत आणखी एक खुलासा आवश्यक आहे. संस्था आपल्या धोरणात जे किमान पर्सेंटाइल जाहीर करतात, ते अर्ज विचारात घेण्यासाठी असते. प्रत्यक्ष मुलाखतीचे बोलावणे येणारे उमेदवार त्याच्या बरेच वर असू शकतात. प्रवेशद्वाराची उंची आणि सभागृहातील शेवटच्या रिकाम्या खुर्चीचा क्रमांक या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय एकूण पर्सेंटाइल उत्तम असूनही भाषा, तर्क-विदाविश्लेषण किंवा गणित यांपैकी एका विभागात किमान मर्यादा गाठली नाही, तर संपूर्ण अर्जच बाद होतो. गणितात प्रवीण असलेल्या अभियंत्यांना भाषेच्या विभागात आणि कला शाखेच्या पदवीधरांना गणितात याचा फटका बसतो.

परीक्षा अजून व्हायची असेल तर सराव परीक्षांच्या आधारे अंदाज बांधावा लागतो. येथे मनुष्यस्वभाव आड येतो. दहा सराव परीक्षांतील सर्वोत्तम निकाल तेवढा लक्षात राहतो आणि 'मला ९६ पर्सेंटाइल मिळतात' असे सांगितले जाते. दहाही निकाल चढत्या क्रमाने मांडून मधले दोन पाहिले तर खरे चित्र दिसते. ते कदाचित ९० च्या आसपास असेल. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा निकाल वगळून उरलेला पट्टा, उदाहरणार्थ ८७ ते ९४, हाच आपला अंदाज मानावा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला कोणत्या संस्था उपलब्ध आहेत आणि वरच्या टोकाला कोणत्या, अशा दोन याद्या कराव्यात. त्यातही सराव परीक्षेतील पर्सेंटाइल त्या शिकवणी वर्गाच्या परीक्षार्थींमधील असते, देशभरातील पावणेतीन-तीन लाखांमधील नसते, याचे भान ठेवावे लागते.

जुन्या गुणपत्रिकांचे ओझे

पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळवलेल्या दहावीच्या गुणांचा परिणाम पंचविसाव्या वर्षीच्या प्रवेशावर व्हावा काय, हा वादाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा भार प्रमाणाबाहेर आहे. ग्रामीण भागातून उशिरा पुढे आलेल्या विद्यार्थ्याला तो दुहेरी शिक्षा देतो. परंतु नियम आहेत तोपर्यंत हिशेबात ते धरावेच लागतात. अनेक आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांना मुलाखतीच्या यादीसाठीच महत्त्व देतात. काही ठिकाणी कामाच्या अनुभवाला, महिला उमेदवारांना किंवा अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांतील पदवीधरांना अतिरिक्त गुण मिळतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की दहावीला ७० टक्के असलेल्या विद्यार्थ्याला जुन्या आयआयएममध्ये ९९ पर्सेंटाइलही अपुरे पडू शकतात. तोच विद्यार्थी परीक्षेला प्रधान्य देणाऱ्या संस्थेत सहज वरच्या क्रमांकावर येतो. यूबीएससारख्या विभागांचे खरे महत्त्व येथे आहे. चंडीगडच्या विद्यार्थ्यांसमोर रोहतक, अमृतसर आणि सिरमौर येथील आयआयएमदेखील रस्त्याने काही तासांच्या अंतरावर आहेत. या नव्या संस्थांच्या अटी आणि गुणभार जुन्या संस्थांपेक्षा वेगळे असतात, तसेच ते दरवर्षी बदलू शकतात. गतवर्षीचे धोरण पाठ करून ठेवलेल्या सल्लागारापेक्षा या वर्षीचे धोरण वाचणारा विद्यार्थी अधिक सुरक्षित असतो.

एक साधी चूक मात्र दरवर्षी अनेकांना महाग पडते. कॅटच्या अर्जात आयआयएमची निवड केली म्हणजे सर्वत्र अर्ज झाला, असे मानले जाते. कॅटचे गुण वापरणाऱ्या इतर संस्थांकडे स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. पंजाब विद्यापीठाचा अर्जही त्या विद्यापीठाकडेच करावा लागतो. मुदत टळली तर पर्सेंटाइल कितीही असो, शक्यता शून्य.

सरासरीचा फसवा आधार

मोहालीतील संस्थेसारख्या ठिकाणी अंदाज बांधताना विद्यार्थी वर्गाच्या सरासरी जीमॅट गुणांकडे पाहतात. सरासरीच्या खाली असलेले बरेच विद्यार्थीही त्याच वर्गात बसलेले असतात, हे उघड आहे. तरीही सरासरीहून कमी गुण असलेले विद्यार्थी उगाच माघार घेतात आणि अधिक गुण असलेले निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचे. प्रसिद्ध होणारे आकडे प्रवेश मिळालेल्यांचे असतात. तितकेच गुण असूनही नाकारल्या गेलेल्यांची यादी कोणी प्रसिद्ध करीत नाही. तीच माहिती मिळाली असती तर शक्यता मोजता आली असती.

जीमॅटबाबत अलीकडे आणखी एक घोटाळा होतो. या परीक्षेचे जुने स्वरूप जानेवारी २०२४ अखेर बंद झाले. नव्या परीक्षेचे गुण २०५ ते ८०५ या मापनात दिले जातात आणि प्रत्येक गुणसंख्येचा शेवटचा अंक ५ असतो. जुन्या मापनातील ७०० गुण नव्यातील सुमारे ६४५ गुणांशी तुल्य मानले जातात. ज्याला हे ठाऊक नाही, तो ६५५ गुण मिळवूनही मोठ्या भावाच्या ७१० गुणांशी तुलना करून खचतो. वास्तविक दोघेही जवळपास एकाच जागी उभे असतात.

अशा संस्थेत अनुभवाची केवळ वर्षे मोजून भागत नाही. माहिती तंत्रज्ञान कंपनीत चार वर्षे काम केलेले अभियंते अर्जदारांत मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापैकी एखाद्याची तुलना प्रामुख्याने त्याच्यासारख्याच इतरांशी होते. चंडीगडजवळ चंडीमंदिर येथे लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. अल्पकालीन सेवेतून बाहेर पडणारा अधिकारी तेवढेच जीमॅट गुण घेऊन आला तर त्याच्यासारखे अर्जदार थोडे असतात, आणि माणसे सांभाळल्याचा त्याचा अनुभव कागदावर ठळक दिसतो. म्हणून 'माझे गुण किती' याच्या जोडीला 'माझ्यासारखे किती' हाही प्रश्न विचारावा. त्याचे नेमके उत्तर मिळत नसले तरी त्याने अंदाज सुधारतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांसाठी

लष्कर, बँका आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांमुळे चंडीगडसारख्या शहरांत वाढलेल्या मराठी मुलांसमोर एक वेगळा प्रश्न असतो. पदवी पंजाब विद्यापीठाची, घर सेक्टरमधील सरकारी निवासस्थान, आणि मूळ गाव साताऱ्याकडे किंवा विदर्भात. अशा उमेदवाराला महाराष्ट्रातील जागांवर हक्क सांगता येतो काय?

महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश नियमांत उमेदवारांचे प्रकार केलेले आहेत. 'अ' प्रकारात महाराष्ट्रातून पदवी घेतलेले आणि राज्याचे अधिवासी असलेले किंवा राज्यात जन्मलेले उमेदवार येतात. त्यात न बसणारा, परंतु स्वतः किंवा ज्याचे वडील वा आई महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, असा उमेदवार 'ब' प्रकारात येऊ शकतो. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र हाती असणे आवश्यक असते. हे ठाऊक नसल्याने अनेक कुटुंबे केवळ अखिल भारतीय जागांचाच विचार करतात आणि आपली शक्यता विनाकारण कमी धरतात.

याच्या उलट चूकही होते. मुंबईतील जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचे नाव घेऊन अनेक जण राज्याच्या सीईटीची तयारी करतात. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबई विद्यापीठाचा विभाग असल्याने तेथे जागांचा मोठा वाटा त्याच विद्यापीठाच्या पदवीधरांसाठी असतो. चंडीगडची पदवी असलेल्याला उरलेल्या लहान वाट्यात स्पर्धा करावी लागते. सीईटीचे स्वरूपही निराळे आहे. अडीच तासांत २०० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. कॅटमध्ये २०२४ साली दोन तासांत ६८ प्रश्न होते आणि पर्यायी प्रश्नांच्या चुकीच्या उत्तराला गुण कापले जात. एकीकडे वेग, दुसरीकडे निवड. त्यामुळे एका परीक्षेतील सरावावरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

आरक्षणाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. एका राज्याच्या यादीवरील प्रवर्ग दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. आयआयएममध्ये इतर मागासवर्गीयांची केंद्रीय यादी पाहिली जाते. केवळ राज्याच्या यादीत असलेल्या समाजाला तेथे तो लाभ मिळत नाही. महाराष्ट्राने २०२४ साली मराठा समाजासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा केला. तो राज्यातील संस्थांपुरता आहे. केंद्रीय संस्थांत अशा कुटुंबातील उमेदवार उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण करीत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या जागांचा पर्याय पाहू शकतो. महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश घेण्यासाठी जातवैधता प्रमाणपत्राचा टप्पा असतो. गावाकडची जुनी कागदपत्रे जमवण्यात महिने जातात, म्हणून हे काम निकालाची वाट न पाहता आधीच सुरू करावे लागते.

चार ठिकाणी प्रयत्न, म्हणजे चौपट शक्यता?

शेवटी मुलाखतींची बोलावणी हाती येतात. समजा, एखादी संस्था १०० जागांसाठी ५०० उमेदवारांना बोलावते. वरवर पाहता शक्यता २० टक्के दिसते. परंतु निवड झालेले काही जण अन्यत्र जातात, त्यामुळे संस्थेला कदाचित १६० जणांना प्रवेश देऊ करावा लागतो. शक्यता ३२ टक्क्यांवर जाते. प्रतीक्षा यादी किती सरकते, यावर हा फरक अवलंबून असतो. ज्या संस्थेला विद्यार्थी सहसा नाकारत नाहीत, तेथे यादी फारशी हलत नाही. इतरत्र ती उन्हाळाभर सरकत राहते.

आता चार संस्थांत प्रत्येकी २५ टक्के शक्यता असेल तर किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता किती? शालेय गणिताने उत्तर सुमारे ६८ टक्के येते. हे उत्तर तेव्हाच खरे, जेव्हा चारही निर्णय एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतील. प्रत्यक्षात चारही ठिकाणी तोच कॅटचा निकाल, त्याच गुणपत्रिका आणि बोलताना अडखळणारा किंवा न अडखळणारा तोच उमेदवार जातो. एके ठिकाणी ज्या कारणाने नकार मिळाला, त्याच कारणाने दुसरीकडेही मिळू शकतो. म्हणून खरी शक्यता ६८ पेक्षा कमी असते. ती वाढवायची असेल तर एकाच पद्धतीच्या चार संस्थांऐवजी भिन्न पद्धतीच्या संस्था यादीत असाव्यात : एक परीक्षाप्रधान विद्यापीठ, एक मुलाखतीला महत्त्व देणारी संस्था, आणि राज्याच्या सीईटीतून जाणारा एक मार्ग. नोकरीचा राजीनामा मात्र प्रवेश निश्चित होऊन शुल्क भरेपर्यंत लांबवणेच इष्ट.

अंदाजासाठी सर्वांत उपयुक्त आकडे दोन असतात : आपल्या प्रवर्गात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, आणि प्रतीक्षा यादी कोणत्या क्रमांकापर्यंत गेली. सार्वजनिक संस्था काही वेळा ते संकेतस्थळावर देतात. न दिल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. केंद्रीय नियमांनुसार अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नोव्हेंबरअखेरीस कॅट होते. तेव्हा असा अर्ज दिवाळीपूर्वी टाकलेला बरा, म्हणजे निकाल लागेल तेव्हा तुलना करण्यासाठी उत्तर हाती असेल.